न चाखणारा आचारी

१४ एप्रिल, जामखेड

नाथाच्या भंडाऱ्याची आमटी यंदा माझ्याकडे नाही. यात्रा कमिटीने ती कानिफनाथला सांगितली. माझ्या हाताखाली कांदे सोलून मोठा झालेला कानिफनाथ! त्याला झारा कसा धरायचा हे मी शिकवलं, आणि आता तो नाथाच्या कढईपुढे उभा राहणार.

कमिटीचे अध्यक्ष सकाळी घरी आले. चहा पिऊन झाल्यावर हळूच म्हणाले, "नाना, तुमच्या डोक्याला लागलंय. यंदा जरा इसावा घ्या."

मार्चमध्ये टेम्पोतून कढई उतरवताना मी मागच्या मागे पडलो, डोक्याला टाके पडले, हे खरं आहे. पण टाके कधीच निघाले. आणि लागलं डोक्याला, हाताला नाही. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. ते नुसते मान हलवत चपला शोधत राहिले. कुणीतरी माझ्याविरुद्ध त्यांचे कान भरले आहेत, एवढं नक्की. कळू दे एकदा कोण ते.

चांगुणा म्हणते, "जाऊ द्या की. तेवढाच आराम." बायकोने नवऱ्याच्या बाजूने दोन शब्द बोलावेत, तर ही भाकरी थापत बसली.

१५ एप्रिल

गेलो भंडाऱ्याला. नाही गेलो तर गहिनीनाथ आचारी रुसला म्हणतील. पंगतीत बसलो. आमच्याकडची शिपी आमटी म्हणजे भाकरी कुस्करून, वर आमटी ओतून वरपायची. घाम फुटला पाहिजे आणि तरी हात थांबता कामा नये. कानिफनाथची आमटी म्हणजे नुसतं तिखट पाणी होतं. चव म्हणून नाही. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

पण लोक वरपत होते. फुकटचं म्हटल्यावर लोकांना काय. चांगुणाने दोनदा आमटी मागून घेतली. तिच्याकडे असं पाहिलं की तिसऱ्यांदा मागितली नाही.

पंगत बसण्याआधी कानिफनाथला मी कोपऱ्यात झारा चाटताना पाहिलं होतं. नैवेद्याच्या आधी! आमच्या घराण्यात नैवेद्य दाखवल्याशिवाय आचारी जिभेला काही लावत नाही. वडील म्हणायचे, नाकाने रांधायचं. खोबऱ्याचा वास फिरला की कढई उतरवायची, फोडणीचा वास नाकाला बोचला की पाणी. मी आयुष्यात रांधताना चाखलेलं नाही. ज्याला चाखून बघावं लागतं त्याला येत नाही, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

३ मे

भिंगारहून लालमहंमदभाईंचा फोन. त्यांची ट्रॅव्हल कंपनी लहान आहे, पण आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना परदेशी नेताना आचारी बरोबर नेतात. दुबई आणि सिंगापूर मी त्यांच्याबरोबर केलं आहे. आता थायलंड. हॉटेलच्या मागे किचन भाड्याने घेतलं आहे.

मात्र या खेपेला सूर वेगळा होता. "नाना, साफ बोलतो. आपली निकिता टूर लीडर हाये ना, ती म्हनते लोकांना आता तिथलंच खायचं असतंय. झणझणीत, रस्त्यावरचं. बँकॉकला जाऊन पन वरणभातच का, असं विचारतात. या वेळी लोकांनी तुमचं ताट सोडून बाहेर खाल्लं, तर पुढच्या टूरपासून मी किचन बंद करनार. राग मानू नका."

राग कसा मानायचा नाही? नाथाची कढई गेली, आता हीसुद्धा जायची. मी म्हटलं, भाई, माझी आमटी खाल्ल्यावर बाहेर कोण जातंय ते बघतोच.

७ मे

मसाल्यावरून घरात भांडण. मी अंगणात कढई लावून खोबरं, धने, मिरच्या भाजत होतो. चांगुणा आतून पळत आली. "अवो, करपतंय! काढा की!" मी म्हटलं, अजून कच्चं आहे. ती पदर नाकाला लावून खोकायला लागली. म्हणाली, "मी भाजून देते. तुमी तेवढं माझं ऐका."

पडल्यापासून हिला हे नवीनच खूळ लागलं आहे. मला चुलीपुढे बसू देत नाही. फोडणी मी टाकायला गेलो की हातातला डबा काढून घेते. माणूस एकदा पडला म्हणजे काय कायमचा निकामी झाला? मी माझाच मसाला कुटला, माझाच भरला. रंग सुरेख काळा आला आहे.

१० मे, बँकॉक

पोचलो. उकाडा जामखेडसारखाच, फक्त घाम वाळत नाही. किचन बरं आहे. भांडी पातळ बुडाची, पण चालवून घेईन.

बॅग उघडली तर तळाला माझ्या बनियनमध्ये गुंडाळलेला चांगुणाचा स्टीलचा डबा. तिच्या हातचा मसाला. गुपचूप घातला असणार. अस्सा संताप आला! आचाऱ्याच्या बॅगेत बायकोने मसाला घालायचा? डबा ओट्याच्या खालच्या कप्प्यात ढकलून दिला.

११ मे

आज पहिली आमटी. बावीस जणांची पंगत. बहुतेक नगर-भिंगारचे निवृत्त लोक, दोन-तीन नवी जोडपी, आणि कर्जतच्या आक्काबाई. आक्काबाई सत्तरीच्या पुढच्या, स्वतःचा ऊस विकून आल्या आहेत, नऊवारीवर पांढरे बूट घालतात आणि कुणाची भीड ठेवत नाहीत.

पहिला घास घेऊन म्हणाल्या, "गहिनीनाथा, आमटी कडू लागती रं."

सगळ्या पंगतीत! मी म्हटलं, प्रवासाने तोंड कडू होतं, आक्का. त्यांनी वाटी बाजूला सारली आणि दहीभात कालवला. मग एकेकाने वाट्या बाजूला सारल्या. एकीने तसं केलं की बाकीच्यांना जोर येतोच. निकिता काहीच बोलली नाही. ही पोरगी नगरची, शिकलेली, सगळ्यांशी गोड. गप्प राहून काम साधणारी दिसते. आक्काबाईंना तिनेच फितवलं असावं.

मी जेवलो नाही. माणसांचं रांधलं की आपल्याला आपलं अन्न नको होतं. हल्ली तर कशावरच वासना जात नाही. दही साखर खाल्ली.

१३ मे

निकिता सगळ्यांना बाजार दाखवायला घेऊन गेली. मीही गेलो, भाजी घ्यायची होती. एका ठिकाणी फणसासारख्या काटेरी फळांचा ढीग लावला होता. लांबूनच बायकांनी पदर नाकाला लावले, पुरुषांनी रुमाल काढले, एक नवी सून तर ओकारी येते म्हणून मागे पळाली. निकिता हसत सांगत होती की इथल्या हॉटेलात हे फळ आणायला बंदी असते.

मी ढिगाजवळ उभा राहून कोथिंबिरीचा भाव करत होतो. मला कसलाही वास आला नाही. लोक परदेशात आले की नाजूक होतात. तिकडे ज्यांच्या दाराशी उकिरडा त्यांना इथे फळाचा वास सोसत नाही!

निकिता माझ्याकडे बघत होती. "महाराज, तुम्हाला काहीच होत नाही?" मी म्हटलं, बाई, आम्ही खेड्यातली माणसं.

परत येताना लोक गाड्यांवरच्या कढयांत डोकावत होते. मी मोठ्याने म्हटलं, त्यात माशाचं पाणी घालतात, आणि तेल कशाचं ते देवाला माहीत. चार-पाच जणांचे चेहरे उतरले. चांगलं झालं.

१४ मे

निकिताने आज सगळ्यांसमोर माझी शोभा केली. मी किचनमध्ये कणीक मळत होतो. ही धावत आली, आल्या आल्या सिलिंडर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या आणि ओरडली, "महाराज, बाहेर या! किती गॅस सुटलाय! बाहेर कॉरिडॉरपर्यंत वास येतोय!"

लोक जमा झाले. एक शेगडी नीट बंद झाली नव्हती, असं ती म्हणते. मला वास आला नाही, म्हणजे वास नव्हता. मी साफ सांगितलं, माझ्या किचनची बदनामी करू नको. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी लगेच येतं.

दुपारी आमटी पुन्हा उरली. मोरीत ओतताना जिवावर आलं. अन्न ओतायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आक्काबाई किचनच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "लेका, राग नको धरू. पन बाहेर पोरं खात्यात ते बघून माझ्या तोंडाला पानी सुटतंय. उद्या मी जानार हाय निकितासंग."

जा म्हटलं. सगळेच जा.

१६ मे

काल लिहिलं नाही. आज लिहिलं पाहिजे, नाहीतर उद्या माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

काल संध्याकाळी सगळे निकिताबरोबर गेले. किचनमध्ये मी आणि भरलेली पातेली. मग मलाच राहवेना. एवढं काय मिळतं ते एकदा बघू तरी, आणि चार चुका काढू, म्हणून मागोमाग गेलो.

गल्लीत पत्र्याखाली एक म्हातारी बाई बसलेली. पुढ्यात मातीची खोल कुंडी आणि लाकडी बत्ता. कच्च्या पपईचा कीस, शेंगदाणे, लिंबू, लसूण, मिरच्या, सगळं त्या कुंडीत कुटत होती. मासे नकोत हे निकिताने आधी सांगून ठेवलं होतं. बाईचा हात मात्र लाखात एक. कुटायचं, परतायचं, परत कुटायचं. ठोका एकसारखा. मला माझी आई उखळावर बसलेली आठवली. पण ही बाई दर थोड्या वेळाने चमचा स्वतःच्या तोंडात घालायची, मग गिऱ्हाइकापुढे धरायची, काय कमी आहे ते विचारायची, लिंबू पिळायची, पुन्हा चमचा. मला हसू आलं. एवढा हात आणि स्वतःवर भरवसा नाही.

आक्काबाईंनी घास घेतला आणि नऊवारीच्या पदराने डोळे पुसले. "आई गं! आपल्या ठेच्याची बहीन हाय ही. वास तरी बघ लसणाचा!" सगळे हुसहुस करत होते, नाकं ओढत होते आणि पुन्हा हात पुढे करत होते. माझ्या आमटीला असं व्हायचं. गावाकडे असंच व्हायचं.

"महाराज आले!" कुणीतरी ओरडलं. मग काय, नगरी माणसाने घाबरायचं नाही, घ्या महाराज, होऊन जाऊ द्या. बाईने खुणेने विचारलं, मिरच्या किती? मी ओंजळ दाखवली. ती हसली आणि खरंच तेवढ्या टाकल्या. कुटून चमचा तिने माझ्यापुढे धरला. मीही तोंड उघडलं.

जीभ पेटली. मिरची लागली, मीठ लागलं, आंबटही लागलं. पण त्यापलीकडे काही नव्हतं. लसूण नव्हता. लिंबाचा वास नव्हता, शेंगदाण्याचा नव्हता. तोंडात जाळ आणि त्या जाळात ओला कागद चावल्यासारखं.

मला वाटलं, पहिला घास आहे म्हणून. दुसरा घेतला. मग तिसरा. मग ताटलीच हातात घेतली आणि खात सुटलो. मी त्यात लसूण शोधत होतो. कुठेतरी असेलच ना, आक्काबाईंना लागला, त्या पोरांना लागला, मलाच कसा नाही? नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, कपाळावरून घाम, आणि मी थांबेना. लोकांनी टाळ्या धरल्या. मोबाईल वर झाले. "नाद खुळा, महाराज!" "ह्याला म्हणतात नगरी!" ताटली रिकामी झाली. मी दुसरी मागितली. लोक बेभान झाले.

दुसरीतही नव्हता.

तेव्हा एकेक गोष्ट आठवायला लागली. ती काटेरी फळं. तो गॅस. कानिफनाथची आमटी. चांगुणा पदर लावून खोकत होती ती कढई. मार्चपासून मला कसलाच वास आलेला नाही, आणि मी ते मिरचीवर, लोकांवर, परदेशावर ढकलत होतो. बावीस माणसांना मी करपलेला मसाला घालत होतो. आणि गॅसने त्या दिवशी पेट घेतला असता तर?

निकिता पाण्याचा ग्लास घेऊन आली. माझ्या डोक्यावरच्या टाक्यांच्या खुणेकडे बघून कानाशी हळू म्हणाली, "महाराज, डोक्याला लागल्यापासून का?"

मी म्हटलं, काय लागल्यापासून? काही नाही मला. ग्लास घेतला नाही. तिने बाकी कुणाला सांगितलं नाही. तिच्याबद्दल मी इथे जे लिहिलं आहे ते खोडावं असं वाटतं, पण खोडत नाही. वाचायला बरं, आपण काय होतो ते.

१७ मे

शेवटचं जेवण माझ्याकडे होतं. ओट्याखालचा चांगुणाचा डबा काढला. उघडून नाकाशी धरला. नाक डब्यात घातलं तरी काही नाही. तोच मसाला टाकला आणि हात जोडले.

आमटी संपली. आक्काबाईंनी दोनदा घेतली आणि म्हणाल्या, "आज जमली रं! एवढे दिस का छळलंस?" सगळे हसले. मीही हसलो. एवढी कडू शाबासकी मला आजवर मिळाली नव्हती.

लालमहंमदभाईंचा फोन. तो मिरची खाल्लेला व्हिडिओ नगरभर फिरतो आहे. "नाना, तुमी तर हिरो झाले! माझं डोकंच चाललं नव्हतं. किचन बंद नाय करायचं. दिवाळीची टूर तुमच्या नावानं काढतो. तिथलं तिखट आनि तुमची आमटी, दोनी. फोटो टाकतो तुमचा मोठा. हो म्हना."

काम टिकलं. वास येत नाही, त्याच्या जोरावर टिकलं. मी हो म्हटलं.

१९ मे, जामखेड

घरी आलो. एसटी स्टँडवरच दोघांनी अडवून व्हिडिओ दाखवला. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. यात्रा कमिटीचे अध्यक्ष रस्ता ओलांडून आले आणि हात हातात घेऊन म्हणाले, गावाचं नाव काढलंत.

चांगुणाला काही सांगायचं नाही असं वाटेतच ठरवलं होतं. तिने आमटी-भाकरी वाढली आणि समोर बसली. कधी नाही ती समोर बसली. मी कुस्करलं, ओतलं, वरपलं. म्हटलं, "झकास झालीय. तुझ्या हाताला तोड नाही. तिकडे या चवीची आठवण यायची."

तिने माझ्या ताटाकडे बोट केलं. मग म्हणाली, "आज मसाला टाकलाच न्हाई मी. नुसती डाळ हाय. मीठ अन् तिखट."

माझा हात ताटातच राहिला.

"तुमी पडल्यापासनं बघती मी. दूध करपून काळं व्हायचं अन् तुमी शेजारी बसून पेपर वाचायचे. सांगाय गेलं की अंगावर येता. म्हनून कमिटीला मीच सांगितलं. यंदा ह्यान्ला आमटी देऊ नका म्हनलं."

म्हणजे कान भरणारं माणूस माझ्या घरातच भाकरी थापत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. नको ते बोललो. नवऱ्याची अब्रू वेशीवर टांगलीस म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, ते लिहीत नाही. ती उठली नाही.

"अब्रू ऱ्हावी म्हनूनच सांगितलं. नाथाच्या भंडाऱ्याला समद्या गावानं वाट्या बाजूला सारल्या असत्या. ते बघवलं असतं तुमाला?"

मला आक्काबाईंची वाटी दिसली. मग एकामागून एक बाजूला सारलेल्या सगळ्या वाट्या. मी तिला त्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. तिला न सांगता माहीत होतं.

मी ताट पुढे ओढलं आणि ती नुसती डाळ संपवली. तिने विचारलं, अजून वाढू का. मी वाढ म्हटलं.

२६ मे

नगरच्या डॉक्टरांनी तपासलं. डोक्याला मार लागल्यावर असं होतं म्हणाले. वास परत येईल, कदाचित येणारही नाही. थांबून बघा म्हणाले. येताना एसटीत चांगुणाने पिशवीतलं संत्रं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मी खाल्लं. ती कसं आहे विचारायला गेली आणि मधेच थांबली.

भाईंनी व्हॉट्सॲपवर दिवाळीच्या टूरची जाहिरात पाठवली आहे. माझा फोटो, हातात ताटली, डोळ्यांतून पाणी. खाली लिहिलंय, तिखटाचा बादशहा. भाईंना खरं सांगायचं की नाही ते अजून ठरत नाही. रोज फोन उचलतो आणि खाली ठेवतो.

संध्याकाळी अंगणात कढई लावली. खोबरं टाकलं, धने टाकले, मिरच्या टाकल्या. चांगुणाला हाक मारली. ती येऊन लांबच उभी राहिली. मीच म्हटलं, बस इथे आणि सांग.

ती चुलीजवळ बसली. मी झारा हलवत राहिलो. रंगाकडे बघत होतो, तिच्याकडे बघत नव्हतो.

"काढा आता," ती म्हणाली.

मी मसाला काढला. मला तर तो अजून कच्चाच वाटत होता.